काठावरच्या पक्ष्यांचे कुलगोत्र

‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. तिच्या मुळाशी पंचतंत्रातील टिट्टिभ पक्ष्याच्या जोडप्याची कथा आहे. समुद्राने अंडी पळविली म्हणून त्या एवढ्याशा पक्ष्याने समुद्रच कोरडा करावयाचा पण केला, आणि गरुड व विष्णू त्याच्या बाजूने उभे राहिल्यावर अखेर समुद्राला ती अंडी परत करावी लागली. कथाकाराने या कामासाठी टिट्टिभाचीच निवड केली ती पाहून केली असावी, असे वाटते. हा पक्षी घरटे असे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या आडोशाला तो अंडी घालतो आणि जवळ येणारा माणूस असो, कुत्रा असो वा गाय असो, आरडाओरडा करून त्याला हाकलून लावतो. लहानसा जीव, उघड्यावरचा संसार आणि समोर पाणी! ज्या पक्षिसमूहाचे कुलगोत्र या व्याख्यानात तपासावयाचे आहे, त्यातील बहुतेकांची हीच स्थिती आहे.

या समूहाला सामावून घेणारा एकच एक शब्द मराठी बोलीत नाही. टिटवी, चिखल्या, तुतवार, टिलवा, पाणलावा, शेकाट्या, करवानक अशी ज्याची त्याची वेगळी नावे आहेत. पारधी, कोळी आणि शेतकरी यांना याहून अधिक व्यापक शब्दाची गरज कधी पडली नाही. इंग्रजीत मात्र या सर्वांना ‘वेडर’, म्हणजे चिखलपाणी तुडवीत चालणारे पक्षी, असे म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत त्यांनाच ‘शोअरबर्ड’, म्हणजे किनाऱ्याचे पक्षी, म्हणतात. एका शब्दाने पक्षी काय करतो ते कळते, दुसऱ्याने तो कोठे आढळतो ते कळते. तो कोणाचा कोण लागतो, याचे उत्तर या दोन्ही शब्दांत नाही. ते शोधता शोधता पक्षिशास्त्राची अडीचशेहून अधिक वर्षे खर्ची पडली, आणि जे हाती आले ते डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राहून पुष्कळच निराळे निघाले.

आधी डोळ्यांना काय दिसते ते पाहावे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी कोडिक्करै नावाचे ठिकाण आहे. इंग्रजी ग्रंथांत ते पॉइंट कॅलिमीर या नावाने प्रसिद्ध आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अनेक दशके येथे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला. हिवाळ्यात येथील मिठागरांवर व चिखलाणीवर सैबेरियापासून आणि तिबेटच्या पठारापासून आलेल्या पक्ष्यांचे थवे उतरतात. लांबून पाहिले तर सगळे एकाच जातकुळीचे वाटतात: पाठ मातकट, पोट पांढरे, पाय बारीक, सदैव लगबग. थोडा वेळ नजर स्थिर ठेवली म्हणजे मात्र दोन निराळ्या रीती दिसू लागतात. काही पक्षी चार पावले धावतात, एकदम थबकतात, पाहतात, वाकून एकच टोच मारतात आणि पुन्हा धावतात. त्यांचे डोळे मोठे असतात व चोच आखूड असते. हे चिखल्या व टिटव्या होत. दुसरे पक्षी मान खाली घालून, शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे चोच चिखलात खुपसत सरळ पुढे जातात. त्यांना पाहण्याची गरज जणू नाहीच. हे तुतवार, टिलवे आणि पाणलावे होत.

या दुसऱ्या रीतीमागे शरीराची एक नाजूक रचना आहे. पाणलाव्याच्या लांब चोचीच्या टोकाशी असलेले हाड मधाच्या पोळ्यासारखे बारीक खळग्यांचे असते आणि त्या खळग्यांत स्पर्शज्ञानाची इंद्रिये दडलेली असतात. चिखलातील किड्याची हालचाल त्याला चोचीनेच कळते. एवढेच नव्हे, तर बाकीची चोच मिटलेली ठेवून वरच्या चोचीचे केवळ टोक उचलण्याची सोय त्याच्यापाशी असते, त्यामुळे चिखलात रुतलेल्या चोचीनेही भक्ष्य चिमटीत धरता येते. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो, तुतवार स्पर्शाने. हा भेद वरवरचा नाही, हे पुढे दिसून येईल.

शास्त्रीय वर्गीकरणाचा आरंभ स्वीडनच्या कार्ल लिनियसपासून करावा लागतो. १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने पक्ष्यांचे सहा गण कल्पिले. (येथे वापरलेल्या संज्ञा अशा समजाव्यात: जाती ही सर्वांत लहान मुख्य पायरी, अनेक जातींची मिळून प्रजाती, प्रजातींचे कुल आणि कुलांचा गण.) त्या सहांपैकी एकाचे नाव त्याने ‘ग्राले’ असे ठेवले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ आहे पायांना बांधून चालावयाच्या उंच काठ्या. ज्याचे पाय लांब व उघडे, तो या गणात. परिणाम असा झाला, की चिखल्या व तुतवार यांच्या पंक्तीला रोहित, बगळा, करकोचा, माळढोक, इतकेच काय, शहामृगही येऊन बसला. लिनियसला यासाठी हसण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर बहुधा वाळलेली कातडी होती, काही वेळा तर केवळ चित्रे वा वर्णने होती, आणि सबंध सृष्टीची मांडणी एका हयातीत उरकावयाची होती.

तथापि दोन ठिकाणी त्याची झालेली गफलत मोठी बोलकी आहे. उत्तर आशियाच्या अतिपूर्वेकडील एक चिमणीएवढा तुतवार असा आहे, की ज्याच्या चोचीचे टोक चमच्यासारखे पसरट असते. लिनियसने ती चोच पाहिली आणि त्या पक्ष्याला सरळ चमच्या करकोच्याच्या प्रजातीत घालून त्याचे नाव ‘प्लाटालेआ पिग्मिया’, म्हणजे खुजा चमच्या, असे ठेवले. त्याचे वसतिस्थान दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम असल्याचेही त्याने नोंदविले. ते तर सर्वस्वी चुकीचे होते. दुसरा पक्षी प्रॅटिनकोल. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी आणि उडता उडता किडे टिपण्याची सवय पाहून लिनियसने १७६६ साली त्याला पाकोळ्यांसारख्या दिसणाऱ्या भिंगऱ्यांच्या प्रजातीत दाखल केले. एकाला चोचीने फसविले, दुसऱ्याला पंखांनी. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते. जीवनक्रम सारखा असला म्हणजे अवयव सारखे घडतात, आणि सारख्या अवयवांवरून नाते जुळवू गेले तर परका आप्त ठरतो. हिमालयातील गोट्यांच्या नदीपात्रांत राहणाऱ्या आयबिसबिल या पक्ष्याचे उदाहरण असेच आहे. त्याची लाल, खाली वळलेली चोच पाहून कोणालाही अवाक किंवा शराटी आठवावी; प्रत्यक्षात त्याचे सोयरे आहेत शेकाट्या आणि कालवे फोडून खाणारा ऑयस्टरकॅचर.

एकोणिसाव्या शतकात शोधकांनी पिसांआड पाहावयास आरंभ केला. टॉमस हक्स्ली याने १८६७ साली पक्ष्यांच्या टाळूतील हाडांची ठेवण हा वर्गीकरणाचा पाया मानला, आणि बगळे-करकोचे एकीकडे व टिटव्या-तुतवार दुसरीकडे अशी फाळणी झाली. लांब पायांचे जुने कुटुंब तेव्हाच विस्कटले. तरी चिखल्या आणि तुतवार हे परस्परांचे सख्खे, याविषयी कोणाला शंका नव्हती. हेन्री सीबोम या इंग्रज गृहस्थाने १८८७-८८ मध्ये या पक्ष्यांच्या भौगोलिक प्रसारावर एक भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. सीबोम हा शेफील्डचा पोलादाचा कारखानदार. रशियातील पेचोरा व येनिसेई या नद्यांच्या खोऱ्यांत पक्ष्यांची अंडी शोधीत त्याने खडतर प्रवास केले होते. आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच त्याने चिखल्या, तुतवार, पाणलावे आणि त्यांचे नातलग यांना एका कुलात गुंफून टाकले. त्या काळचे ते सर्वमान्य मत होते. या सीबोमचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात अवयवांच्या जोडीला इतर पुरावे आले. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ जोसेफ जेल याने १९६८ साली पिलांच्या लवीवरील नक्षीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कल्पना नामी होती. मोठ्या पक्ष्याची चोच व पाय पोटापाण्याच्या गरजेनुसार बदलतात. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिलाची लव मात्र जमिनीशी एकरूप होऊन लपण्याच्या कामी येते, आणि तिच्यावरील नक्षीत जुन्या नात्याच्या खुणा अधिक काळ टिकून राहतात. लहान तुतवारांच्या व पाणलाव्यांच्या पिलांच्या पाठीवर पावडर शिंपडावी तसे पांढरे ठिपके असतात, टिलव्याच्या पिलांच्या पाठीवर पट्टे असतात. १९७८ मध्ये जोसेफ स्ट्राउख याने सांगाड्याची सत्तर लक्षणे घेऊन दोनशेहून अधिक जाती तपासल्या. त्याच्या हिशेबातून या पक्ष्यांच्या तीन शाखा निघाल्या.

भारतीय वाचकांना या सर्व काळातील वर्गीकरण परिचित आहे ते सालिम अली व डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या ‘हँडबुक’मधून. तेथे एक गंमत आढळते. दुसरा खंड संपतो तो क्रॅब प्लव्हर या खेकडेखाऊ पक्ष्यापाशी आणि तिसरा सुरू होतो तो करवानकापासून. काठावरच्या पक्ष्यांची रांग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये तुटली आहे. ती अर्थात बांधणीची सोय. परंतु ज्या क्रॅब प्लव्हरवर खंड थांबला तो खरोखरच सांध्यावरचा पक्षी निघावा, हा योगायोग मोठा मजेचा. त्याच खंडात बरेच अगोदर, तित्तिर व लाव्हे संपून क्रौंच पक्षी सुरू होतात त्या ठिकाणी, दुर्लाव नावाचा एक क्षुल्लक पक्षी येऊन जातो. त्याची हकीकत तर याहून विलक्षण आहे.

नवे युग आणले ते आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेने. चार्ल्स सिब्ली व जॉन आल्क्विस्ट या जोडीने दोन जातींच्या डीएनएचे धागे उष्णतेने सोडवून एकमेकांत मिसळावयाचे आणि ते किती घट्ट जुळतात ते मोजावयाचे, अशी रीत अवलंबिली. १९९० सालच्या त्यांच्या ग्रंथाने खळबळ उडाली. टिटव्या व कुरव पक्ष्यांना त्यांनी करकोचे, शिकारी पक्षी व पेंग्विन यांच्यासह एकाच अवाढव्य गणात कोंबले. तो गण पुढे टिकला नाही. मात्र प्रॅटिनकोल व क्रॅब प्लव्हर यांचे नाते कुरवांशी आहे, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. यानंतर डीएनएचा क्रम अक्षरशः वाचणे शक्य झाले. २००३ पासून स्वीडनमधून, अमेरिकेतून आणि टोरांटोच्या ऍलन बेकर यांच्या प्रयोगशाळेतून निबंध येऊ लागले. बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या गणातील जवळजवळ सर्व प्रजातींचा वृक्ष मांडला. त्यात शाखा केव्हा फुटल्या याविषयी त्यांनी दिलेले फार प्राचीन काळ पुढे वादग्रस्त ठरले. शाखांची रचना मात्र निरनिराळ्या पुराव्यांनी पुनःपुन्हा तीच निघाली.

ती रचना अशी आहे. या गणात आज जवळजवळ चारशे जाती आणि एकोणीस कुले मानली जातात, आणि त्यांचे तीन उपगण पडतात. पहिला चिखल्यांचा. त्यात टिटव्या, शेकाट्या, एव्होसेट, ऑयस्टरकॅचर, आयबिसबिल आणि करवानक येतात. दुसरा तुतवारांचा. त्यात टिलवे, पाणलावे व कर्ल्यू तर आहेतच, शिवाय कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी आणि रंगीत पाणलावा हेही आहेत. तिसरा उपगण कुरवांचा आहे: कुरव, सुरय, चंबळेत पाण्याची कड चिरीत उडणारा पाणचिरा, उत्तर ध्रुवाकडील ऑक व पफिन हे समुद्रात बुडी मारणारे पक्षी, आणि त्यांच्याच जोडीला प्रॅटिनकोल, माळरानावर धावणारे धाविक आणि तो खेकडेखाऊ क्रॅब प्लव्हर.

याचा अर्थ काय झाला? ज्यांना पाहून ‘वेडर’ हा शब्द सुचला ते चिखल्या व तुतवार यांना सामावून घेणारी वंशशाखा शोधू गेले, तर तिच्यात कुरव, सुरय व पफिन यांनाही घ्यावेच लागते. कारण तुतवारांचा उपगण चिखल्यांपेक्षा कुरवांना अधिक जवळचा आहे. कुरवांना बाहेर ठेवून एक शुद्ध ‘काठावरच्या पक्ष्यांची’ शाखा तोडताच येत नाही. कोडिक्करैच्या चिखलात शेजारी शेजारी चरणारे ते दोन मातकट पक्षी, डोळ्यांनी शिकार करणारा एक आणि चोचीने चाचपणारा दुसरा, अत्यंत दूरचे आहेत. आणि त्यांच्या डोक्यावरून किंकाळत जाणारा पांढरा कुरव चाचपणाऱ्याचा अधिक जवळचा नातलग आहे. सीबोमचे एक कुल म्हणजे दोन स्वतंत्र उपगण निघाले. ‘वेडर’ हा शब्द त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. तो धंद्याचे नाव म्हणून राहतो. सोनार आणि लोहार दोघेही ऐरणीवर ठोकतात, म्हणून त्यांचे आडनाव एक होत नाही, तसाच हा प्रकार.

आता दुर्लावाकडे वळू. गवतातून, शेताच्या कडेने खुरडत चालणारा, मुठीत मावेल एवढा हा पक्षी कोणी पाहिला तर त्याला लावा म्हणूनच सोडून देईल. त्याला पायाचे मागचे बोट नसते, एवढी एक खूण जुन्या अभ्यासकांनी हेरली आणि त्याला लाव्ह्यांतून काढून क्रौंचांच्या गणात नेऊन बसविले. मादी नरापेक्षा मोठी व अधिक रंगीत असते, तीच घुमून नराला साद घालते, आणि अंडी उबविण्याचे व पिले वाढविण्याचे काम नर करतो. ऑस्ट्रेलियाच्या गवताळ मैदानांवर याच धाटणीचा प्लेन्स वाँडरर नावाचा एक पक्षी राहतो. त्याला दीर्घकाळ दुर्लावाचाच भाऊ समजत असत. १९८१ साली स्टॉर्स ऑल्सन व डेव्हिड स्टेडमन यांनी केवळ हाडांच्या अभ्यासावरून दाखवून दिले, की हा दुर्लावांपैकी नव्हेच, दक्षिण अमेरिकेतील सीडस्नाइप या बी खाणाऱ्या पक्ष्यांच्या जवळचा, म्हणजे तुतवारांच्या बाजूचा आहे. भाऊ निघून गेला आणि दुर्लाव क्रौंचांत एकटा उरला. पुढे डीएनएच्या अभ्यासाने दुर्लावालाही तेथून हलविले, आणि आणले ते याच गणात. परंतु प्लेन्स वाँडररच्या शेजारी नव्हे. तो निघाला कुरवांच्या उपगणाचा. ज्याने आयुष्यात कधी पाण्यात पाय घातला नाही, तो गवतातला लावा समुद्रपक्ष्यांचा आप्त आहे!

मादीने पुढाकार घ्यावा व नराने अंडी उबवावीत, ही रीत कमळपक्ष्यात आहे, रंगीत पाणलाव्यात आहे आणि दुर्लावातही आहे. पहिले दोघे खरोखरीच एकमेकांचे निकटवर्ती आहेत. तिसरा वेगळ्या उपगणाचा. तेव्हा चोच जशी फसविते तशी चालरीतही फसविते, असेच म्हणावे लागते. उलट, एखादा पक्षी सर्वांहून वेगळा वागतो म्हणून तो सर्वांहून दूरचा, असेही नाही. क्रॅब प्लव्हर वाळूत बीळ खणून त्यात बहुधा एकच पांढरे अंडे घालतो. काठावरच्या दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याची अशी पद्धत नाही. अंधाऱ्या बिळात लपविण्यासाठी ठिपक्यांची गरज उरली नाही, म्हणून अंडे पांढरे राहिले. हिवाळ्यात कच्छच्या आखातात दिसणारा हा काळापांढरा, जाड चोचीचा पक्षी प्रॅटिनकोल व धाविक यांचाच जवळचा आहे.

धाविकांचा उल्लेख आला म्हणजे जर्डनच्या धाविकाला वगळून चालणार नाही. टी. सी. जर्डन या लष्करी डॉक्टराला तो पूर्व घाटाच्या प्रदेशात सापडला आणि १८४८ साली एडवर्ड ब्लाइथने त्याचे नामकरण केले. पेन्नार नदीचे खोरे आणि गोदावरीचे खोरे हा त्याचा जुना मुलूख. आज महाराष्ट्रात असलेल्या सिरोंचाच्या परिसरातूनही त्याची एकोणिसाव्या शतकातील नोंद आहे. १९०० नंतर तो दिसेनासा झाला. काटेरी झुडपांच्या रानात राहणारा आणि रात्री हिंडणारा हा पक्षी १९८६ साली आंध्र प्रदेशच्या कडप्पा जिल्ह्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या भरत भूषण यांच्या प्रयत्नांनी पुन्हा हाती लागला. शोध लावणाऱ्यांच्या मदतीला तेथील रात्री शिकार करणारी स्थानिक मंडळी होती, हे विसरता कामा नये. पाण्यापासून दूर, कोरड्या झुडपांत राहणारा हा पक्षी कुरवांच्या शाखेचा, हे वाचून आता नवल वाटू नये.

येथवर गण व उपगण यांचा विचार झाला. एवढ्या उंचीवर नाती कशी का असेनात, चिखलातल्या पक्ष्याच्या नशिबात त्याने काही फरक पडत नाही, असे कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी ते खरे आहे. लिनियसचा तो खुजा चमच्या पुढे ‘युरिनोरिंकस’ या त्याच्या एकट्याच्या प्रजातीत गेला आणि अलीकडे, २०१३ च्या सुमारास, इतर लहान तुतवारांसह ‘कॅलिड्रिस’ या मोठ्या प्रजातीत आला. कारण चमचा बाजूला ठेवला तर तो त्यांच्यातलाच एक आहे. रशियाच्या ईशान्य टोकावर वीण करणारा व बांगलादेश आणि म्यानमारच्या किनाऱ्यांवर हिवाळा काढणारा हा पक्षी आज काही शेकड्यांवर आला आहे. पीत समुद्राकाठची चिखलाण बुजविली जाणे आणि पारध्यांची जाळी, ही त्यामागची कारणे आहेत. अडीचशे वर्षांत त्याला तीन घरे मिळाली, परंतु त्याच्या आहारविहारात त्यामुळे काही बदलले नाही.

जातीच्या पायरीवर मात्र गोष्ट वेगळी होते. कायदा, गणना आणि संरक्षणाच्या याद्या जातीचा हिशेब ठेवतात. उपजातीला त्यांत क्वचितच जागा मिळते.

केंटिश चिखल्या हा भुरक्या पाठीचा छोटा पक्षी युरोपापासून पूर्व आशियापर्यंत पसरलेला आहे. नाव इंग्लंडच्या केंट परगण्याचे असले तरी ब्रिटनमधील त्याची नियमित वीण विसाव्या शतकातच थांबली. हिवाळ्यात तो भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर येतो, कोकणातही दिसतो. श्रीलंकेत व दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर मात्र याच चेहऱ्यामोहऱ्याचे काही पक्षी वर्षभर राहतात आणि तेथेच अंडी घालतात. १९१५ साली अर्न्स्ट हार्टर्ट आणि ऍनी जॅक्सन यांनी त्यांना उपजातीचा दर्जा देऊन नाव ठेवले ‘सीबोमी’. ज्याने साऱ्या काठावरच्या पक्ष्यांना एका कुलात गुंफले होते त्या सीबोमच्या स्मरणार्थ. पुढची शंभर वर्षे हे नाव ग्रंथांच्या तळटिपांत पडून राहिले. २०२३ मध्ये श्रीलंकेसह अनेक देशांच्या संशोधकांनी डीएनए व शरीराची मापे तपासून जाहीर केले, की ही स्वतंत्र जाती आहे. पंख, शेपटी व चोच केंटिश चिखल्यापेक्षा आखूड, आणि वंश बराच पूर्वी वेगळा झालेला. ती रामसेतूच्या दोन्ही अंगांना राहते म्हणून तिला हनुमान चिखल्या असे नाव मिळाले. तळटिपेतला पक्षी जातीच्या यादीत आला तो अशा रीतीने.

फरक कोठे पडतो तो येथे. केंटिश चिखल्याची जगातील संख्या मोठी आहे. त्या आकड्यात दक्षिणेकडील थोड्याशा पक्ष्यांचे काही झाले तरी कोणाला कळले नसते. मिठागरे, कोळंबीची तळी, किनाऱ्यावरचे बांधकाम आणि मोकाट कुत्री यांच्या गराड्यात उघड्या वाळूवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला दुसरीकडे जाण्याची सोय नसते. आता त्याची मोजणी वेगळी करावी लागते.

वाळूवर राहणाऱ्या चिखल्यांचीही अशीच फेरमांडणी झाली. कोडिक्करैला हजारोंनी येणारा आणि कडी घालणाऱ्यांच्या नोंदवह्यांत सर्वत्र आढळणारा ‘लेसर सँड प्लव्हर’ २०२२ सालच्या एका अभ्यासानंतर दोन जातींत विभागला गेला. सैबेरियात वीण करणारे पक्षी एका जातीचे, तिबेट व भोवतालच्या उंच प्रदेशांत वीण करणारे दुसऱ्या जातीचे; आणि यांतील तिबेटी पक्षी सैबेरियातील आपल्या समजल्या गेलेल्या भावांपेक्षा ‘ग्रेटर सँड प्लव्हर’ या थोराड पक्ष्याला अधिक जवळचे निघाले. भारतात हिवाळ्यात येणारे बहुसंख्य पक्षी तिबेटी आहेत. एवढ्यावरच हे थांबले नाही. ‘चाराड्रियस’ या लिनियसच्या मूळ प्रजातीचेच तुकडे झाले, आणि केंटिश व हनुमान हे दोघेही चिखल्या अलीकडच्या जागतिक याद्यांत ‘अनारिंकस’ या प्रजातीखाली गेले आहेत. मूळ अनारिंकस हा न्यूझीलंडचा एक पक्षी. त्याची चोच उजवीकडे वळलेली असते. सरळ चोचीच्या चिखल्यांना त्याच्या नावाखाली नांदावे लागत आहे. नियमच असा आहे, की विलीनीकरणात जुने नाव टिकते.

जुन्या नोंदींचे काय करावयाचे, हा प्रश्न यातून पुढे आला आहे. भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. त्यात हौशी निरीक्षकांचा मोठा वाटा असतो. दक्षिणेच्या किनाऱ्यावर जानेवारीत लिहिलेली ‘केंटिश प्लव्हर’ ही नोंद पाहुण्याची आहे की घरच्याची, हे आता त्या आकड्यावरून कळत नाही, कारण त्या महिन्यात दोघेही एकाच वाळूवर असतात. उन्हाळ्यात पाहुणे उत्तरेला निघून जातात. म्हणून एप्रिल, मे, जूनमधील साध्या टिपणांना, घरट्यांच्या वर्णनांना, संग्रहालयांच्या कपाटांत तारीख व गाव लिहून ठेवलेल्या कातड्यांना आणि अंड्यांच्या जुन्या पेट्यांना आता अनपेक्षित मोल आले आहे. अभ्यासक त्या पुन्हा बाहेर काढून, चिठ्ठ्यांवरील फिकट झालेली अक्षरे वाचून, एकेक नोंद नव्या नावाखाली लावीत आहेत.